सर्जनची नजर कुठे ठरते, यावरून त्याचा हात किती तयार आहे हे कळेल का?

माणदेशी_सर्जन

मी जनरल सर्जन आहे, एका मेडिकल कॉलेजात शिकवतो. सध्या आय ट्रॅकिंगबद्दल, म्हणजे माणूस नेमका कुठे बघतोय याचा माग काढणाऱ्या तंत्राबद्दल बरंच वाचतो आहे. इथे डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, ऑपरेशन करून घेतलेले लोकही आहेत, म्हणून इथेच धागा काढतोय.

मुळातला प्रश्न जुना आहे: सर्जन तयार झाला हे ठरवायचं कसं? आपल्याकडे एमएसच्या प्रॅक्टिकलला लाँग केस असते, शॉर्ट केसेस असतात, टेबलावर हत्यारं, एक्स-रे, स्पेसिमेन मांडून वायवा होतो. रोग ओळखता येतो का, ऑपरेशनच्या पायऱ्या पाठ आहेत का, हे त्यात नीट तपासलं जातं. हात कसा चालतो हे मात्र परीक्षकासमोर येत नाही. ते युनिटमधल्या सीनिअर मंडळींना माहीत असतं आणि त्यांचं मत तोंडीच राहतं. लॉगबुकात आकडा असतो: इतक्या हर्निया, इतकी अपेंडिक्स. त्यातली कुठली कशी झाली, ते लॉगबुक सांगत नाही.

आणि हाताचा फरक पेशंटला भोवतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. २० सर्जननी आपल्या गॅस्ट्रिक बायपासचा (वजन कमी करण्यासाठीच्या जठराच्या ऑपरेशनचा) एकेक व्हिडिओ दिला, इतर सर्जननी तो कोणाचा हे न कळता गुण दिले. गुणांत तळाच्या पाव हिश्श्यातल्या सर्जनच्या पेशंटमध्ये गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के निघालं, वरच्या पाव हिश्श्यात ५.२ टक्के. एकच ऑपरेशन, आणि जवळपास तिप्पट फरक.

गुण देण्याच्या पद्धती आहेत. टोरांटोमधून १९९७ च्या सुमारास आलेली ओसॅट्स ही त्यातली सर्वांत रुळलेली: ऊती किती हळुवार हाताळल्या, हालचाली किती नेमक्या होत्या, अशा मुद्द्यांवर परीक्षक बघून गुण देतो. पद्धत चांगली आहे, पण त्यासाठी अनुभवी माणसाला तासन्‌तास बसून बघावं लागतं. ओपीडी, ऑपरेशन थिएटर (ओटी) आणि इमर्जन्सी सांभाळून हे कोण करणार? म्हणून मग मशीनने मोजता येईल असं काहीतरी शोधायची धडपड सुरू झाली. आधी हाताच्या हालचाली मोजल्या, मग नजरेकडे लक्ष गेलं.

माझ्या वाचनात आलेला या विषयातला महत्त्वाचा सुरुवातीचा अभ्यास कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातला, २००४ चा. पाच तज्ज्ञ, पाच नवशिके, आणि कॉम्प्युटरवरच्या लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या, सिम्युलेटरवर एक साधं काम: हत्याराचं टोक लक्ष्यापर्यंत न्यायचं. नवशिक्यांची नजर हत्याराच्या टोकामागे फिरत होती, तज्ज्ञांची बहुतेक वेळ लक्ष्यावर होती.

मी रेसिडेंट्सना बॉक्स ट्रेनरवर, म्हणजे दुर्बिणीच्या हत्यारांचा सराव करायच्या पेटीवर, बघतो तेव्हा हे साध्या डोळ्यांनीही दिसतं. पेग ट्रान्सफरमध्ये सहा ठोकळे असतात. एकेक ठोकळा एका ग्रास्परने (लांब दांड्याच्या चिमट्याने) उचलायचा, हवेतच दुसऱ्या ग्रास्परकडे द्यायचा आणि पलीकडच्या खुंटीवर बसवायचा. पहिल्या वर्षाचा मुलगा ठोकळा उचलतो आणि त्याची नजर ग्रास्परच्या जबड्याला चिकटते. एकदा खुंटीकडे, परत जबड्याकडे, परत खुंटीकडे, आणि तेवढ्यात हत्यार चौकटीबाहेर गेलेलं असतं. त्यात लॅप्रोस्कोपीत सगळं उलटं: हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं, आणि चित्र सपाट, खोली कळत नाही. हात बसलेला लेक्चरर ठोकळा धरल्या धरल्या खुंटीकडे बघतो आणि तिथेच बघत राहतो. हत्यार नजरेच्या कडेकडेने आपलं आपण तिथे पोचतं.

याचं कारण डोळ्याच्या रचनेत आहे. स्क्रीनवरचा जो भाग आपल्याला खरोखर स्पष्ट दिसतो तो फार लहान असतो, हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढा. बाकीचं सगळं धूसर. म्हणून नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारत फिरते, आणि उडी चालू असताना जवळपास काहीच दिसत नाही. नवशिक्याची प्रत्येक जादा उडी म्हणजे तेवढा वेळ आंधळा कारभार.

२०१० मध्ये ‘अॅनल्स ऑफ सर्जरी’त एक अभ्यास आला. २१ सर्जन, नजरेची आणि बाहुलीची मोजमापं, आणि त्यावरून कॉम्प्युटरने तज्ज्ञ कोण, नवखा कोण हे ओळखायचं. सिम्युलेटरवर सुमारे ९२ टक्के वेळा बरोबर आलं. प्रत्यक्ष ऑपरेशनमध्ये एका गणिती पद्धतीने ८१ टक्के, दुसरीने ९०.७ टक्के.

हे वाचून काही जण म्हणतात, आता परीक्षेतच नजर मोजा. माझं मत: शिकवण्यासाठी हे तंत्र आजच वापरावं. पास-नापास ठरवण्यासाठी त्याला हात लावू नये, निदान इतक्यात तरी. का, ते चर्चेत येईलच. तुमचं काय म्हणणं?

---

भूलतज्ज्ञ_मी

छान विषय काढलात सर. मी टेबलाच्या डोक्याच्या बाजूला उभी असते, त्यामुळे सर्जनचे डोळे मला समोरून दिसतात. मास्क असला तरी तेवढे दिसतातच.

तुम्ही उल्लेख केलेल्या सायमन फ्रेझरच्या गटानेच पुढे आणखी एक गोष्ट तपासली. ऑपरेशनच्या स्क्रीनशेजारी पेशंटच्या नाडी-दाबाचा मॉनिटर ठेवला आणि कोण तिकडे बघतं ते पाहिलं. नवखे स्क्रीनमध्ये इतके बुडालेले की मॉनिटरकडे त्यांचं लक्षच जात नव्हतं. अनुभवी लोक अधूनमधून तिकडे नजर टाकून येत होते. मला हे लक्ष्य आणि टोकाच्या फरकापेक्षाही जास्त मोलाचं वाटतं. पोटात गॅस भरताना नाडी एकदम मंदावू शकते, अशा वेळी गॅस ताबडतोब सोडावा लागतो. ज्याचं लक्ष खोलीभर असतं त्याच्याशी बोलायला मला दोन शब्द पुरतात.

पण एक बघा. पल्स ऑक्सिमीटरचा आवाज ऑक्सिजन उतरला की खाली येतो, सूरच बदलतो. मुरलेला सर्जन स्क्रीनवरून नजर न काढता विचारतो, "सॅच्युरेशन का पडतंय?" त्याने मॉनिटरकडे बघितलेलंच नाही, कानाने ऐकलं. तुमचं यंत्र त्याच्या नावावर काय मांडणार? मॉनिटरकडे लक्ष शून्य.

---

भुईचक्र

कॉम्प्युटर व्हिजनमध्ये काम करतो, पुण्यात. ट्रॅकर आतून कसा चालतो ते थोडं सांगतो, कारण पुढच्या बऱ्याच अडचणी तिथूनच निघतात.

डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकतात, तो आपल्याला जाणवत नाही. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर त्याचा एक ठिपका चमकतो. कॅमेरा दोन गोष्टी पकडतो: बाहुलीचा मध्य आणि हा ठिपका. डोळा फिरला की दोघांमधलं अंतर आणि दिशा बदलते, त्यावरून नजरेची दिशा काढतात. आधी पडद्यावरच्या ठरावीक बिंदूंकडे बघायला लावून प्रत्येक माणसाचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याच्या डोळ्याशी यंत्राची जुळवणी, करावं लागतं.

स्क्रीनखाली पट्टी लावलेला ट्रॅकर आणि चष्म्यासारखा घालायचा ट्रॅकर, असे दोन प्रकार. लॅप्रोस्कोपीत सर्जन स्क्रीनकडेच बघतो म्हणून पट्टी चालते. ओपन सर्जरीत चष्मा लागतो आणि तिथे खरी कसोटी. मान खाली घातली की पापणी बाहुलीवर येते. घामाने चष्मा नाकावरून जरासा घसरला की कॅलिब्रेशन बिघडतं. मिलिमीटरभर घसरण म्हणजे नजर मुख्य पित्तनलिकेवर होती की शेजारच्या चरबीवर, हेच सांगता येणार नाही. वर ऑपरेशन लाइटचं प्रतिबिंब. आणि बाहुलीच्या आकारावरून मेंदूवरचा ताण मोजायचा म्हणतात, ते प्रयोगशाळेत ठीक. १९६० च्या दशकापासून माहीत आहे की अवघड गणित करताना बाहुली मोठी होते. पण ती उजेडानेही बदलते, आणि ओटीत स्क्रीन क्षणात लाल, क्षणात पिवळी.

दुसरं म्हणजे, विमानाच्या पायलटची नजर १९५० मध्येच मोजली गेली होती, फिट्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन हवाई दलासाठी. पण त्या कॉकपिटमध्ये प्रत्येक तबकडी आपल्या जागी पक्की होती. पोटात काहीच जागेवर नसतं. लिव्हर हलतं, कॅमेरा धरणाऱ्याचा हात हलतो. ‘नजर सिस्टिक डक्टवर (पित्ताशयाच्या नळीवर, जी पित्ताशय काढताना कापतात) होती’ असं म्हणायचं तर प्रत्येक फ्रेममध्ये सिस्टिक डक्ट कुठे होती हे कोणीतरी आधी आखून द्यावं लागतं. हे काम अजून बरंचसं हाताने होतं आणि फार वेळखाऊ असतं.

---

वरदाची_आई

वाचतेय. मला यातलं फार कळत नाही, पण एक विचारू का? आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय, दुर्बिणीतून. हे सगळं वाचून डॉक्टरांना काय विचारावं असा प्रश्न पडला. नजरबिजर विचारणं वेडेपणाचं वाटेल.

---

माणदेशी_सर्जन

@वरदाची_आई, ताई, विचारण्यात वेडेपणा काहीच नाही, पण नजरेची मोजमापं आज कुठल्याही पेशंटच्या उपयोगाची नाहीत. विचारायचंच तर हे विचारा: तुम्ही ही ऑपरेशनं नेहमी करता का, आणि आत परिस्थिती अवघड निघाली तर काय कराल? "अवघड वाटलं तर पोट उघडून करेन, किंवा अर्धवट पित्ताशय काढून थांबेन, किंवा सीनिअरला बोलवेन," असं उत्तर आलं तर निर्धास्त राहा. आईंना आधीची काही औषधं असतील, विशेषतः रक्त पातळ करणारी, तर ती मात्र न विसरता सांगा.

@भूलतज्ज्ञ_मी, कानाचा मुद्दा मी पहिल्यांदाच ऐकतोय आणि तो पक्का आहे. आमच्या वाचनात सगळं डोळ्यांबद्दलच असतं.

---

जुनाजाणता

निवृत्त सर्जन. माझ्या उमेदीच्या काळात लॅप्रोस्कोपच्या आयपीसला डोळा लावून एकटा माणूस आत बघायचा, शेजारी उभ्या असलेल्या सहायकाला काडीचं दिसायचं नाही. कॅमेरा आणि मॉनिटर आल्यावर चित्र पालटलं. डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात भारतातली पहिली दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून आपल्याकडे हे पर्व सुरू झालं. सगळी टीम एकच चित्र बघू लागली. नजर मोजणं शक्य झालं तेही त्यामुळेच, हे तरुणांनी लक्षात घ्यावं.

पण माझा आक्षेप ऐका. ओपन सर्जरीत आम्ही पोटात हात घालायचो आणि बघायचो भलतीकडेच. बोटाला धमनीचं स्पंदन लागतं, नळीतला खडा लागतो, गाठ कुठे चिकटली आहे ते लागतं. त्या क्षणी डोळे छताकडे असले तरी सर्जन सर्वांत जास्त ‘बघत’ असतो. नजर मोजणारा म्हणेल, लक्ष नव्हतं.

---

माणदेशी_सर्जन

सर, नमस्कार. मान्य. चष्मा घालून ओपन हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये सीनिअर आणि ज्युनिअर सर्जनची नजर तपासायचं काम लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमध्ये झालं आहे, पण स्पर्शाचं मोजमाप नजरेच्या यंत्रात येणार नाही हे खरंच.

तरीही दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये नजरेला वेगळं वजन आहे, कारण तिथे बोट काढूनच घेतलेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला झालेल्या २५२ इजांचा अभ्यास केला. ९७ टक्के प्रकरणांत चूक मुळात दृष्टिभ्रमातून झालेली निघाली. हाताच्या कौशल्यातला दोष फक्त ३ टक्क्यांत. सर्जनचा हात उत्तम चालत होता. तो मुख्य पित्तनलिकेलाच सिस्टिक डक्ट समजून, सफाईदारपणे, नेटकी क्लिप लावून कापत होता. ऑपरेशन संपेपर्यंत त्यातल्या बहुतेकांना शंकाही आली नव्हती.

म्हणून मी रेसिडेंट्सना क्रिटिकल व्ह्यूचा, म्हणजे कापण्याआधी हवंच अशा दृश्याचा, धोशा लावतो: पित्ताशयाच्या नळ्या आणि लिव्हरमधल्या त्रिकोणातली चरबी साफ, पित्ताशयाचा खालचा भाग लिव्हरपासून सुटा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी, नळी आणि धमनी. हे तिन्ही दिसल्याशिवाय क्लिप मागायची नाही. इथे नजर कुठे जाते हे मला कळायला हवं आहे. मुलगा त्रिकोणाची मागची बाजू बघतो का, की समोरून दिसली म्हणून झालं?

---

क्ष_किरण

लेस्टरहून लिहितोय, रेडिओलॉजिस्ट आहे. आमच्याकडे नजरेचा अभ्यास तुमच्यापेक्षा जुना, निदान १९७० च्या दशकापासूनचा. छातीच्या एक्स-रेत गाठ निसटली तर ती का निसटली याचे तीन प्रकार कुंडल आणि सहकाऱ्यांनी पाडले: नजर तिथे पोचलीच नाही; पोचली पण थांबली नाही; थांबली, रेंगाळली, आणि तरी माणसाने ‘काही नाही’ असं ठरवलं. तिसरा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो.

२०१३ चा एक प्रयोग तर सगळ्यांनी वाचावा असा. २४ रेडिओलॉजिस्टना छातीचे सीटी स्कॅन दिले आणि फुप्फुसातल्या गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र बसवलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. आणि त्या २० पैकी १२ जणांची नजर थेट गोरिलावर जाऊन आली होती, ट्रॅकरने ते टिपलं.

माणदेशी सर, तुमच्या पित्तनलिकेच्या बाबतीत हेच होणार. दृष्टिभ्रम झालेला सर्जन नेमक्या त्याच नळीकडे टक लावून बघत असेल. ट्रॅकर म्हणेल: नजर स्थिर, लक्ष्यावर, तज्ज्ञासारखी.

---

माणदेशी_सर्जन

@क्ष_किरण, तुम्ही माझ्या मनातली भीती माझ्यापेक्षा चांगली मांडलीत. परीक्षेला हे नको असं म्हणण्यामागे माझं पहिलं कारण हेच.

---

सरासरी

स्टॅटिस्टिक्स शिकवते. दुसरं कारण मी सांगते.

९२ टक्के अचूक हा आकडा ऐकायला जबरदस्त आहे, पण प्रश्न काय होता ते बघा. नवखा आणि तज्ज्ञ ओळखायचा होता. हा फरक ओटीतल्या सिस्टरही दोन मिनिटांत सांगतील, आणि त्यांना ट्रॅकर लागणार नाही. परीक्षेत आपल्यासमोर पहिल्या दिवसाचा विद्यार्थी आणि पंधरा वर्षांचा सर्जन बसत नाहीत. समोर सगळे तिसऱ्या वर्षाचे, साधारण सारख्याच केसेस केलेले. त्यातल्या कोणाच्या हाती पेशंट सोपवावा आणि कोणाला सहा महिने थांबवावं, हे ओळखायचं असतं. दोन टोकं ओळखणारं माप मधल्या गर्दीत चालेलच असं नाही. ते वेगळं तपासावं लागतं, आणि त्यासाठी पाच-दहा-वीस माणसं पुरत नाहीत.

शिवाय असे अभ्यास वाचताना एक जरूर बघत जा: एकाच सर्जनच्या दहा फेऱ्या असतील तर त्या दहा वेगळी माणसं म्हणून धरल्यात का? त्यातल्या काही फेऱ्यांवर कॉम्प्युटर शिकवला आणि उरलेल्यांवर तपासला, तर तो कौशल्य ओळखत नसतो, माणूस ओळखत असतो. प्रत्येकाची नजर फिरवायची लकब वेगळी असते.

तिसरी गोष्ट, मोजमापावर गुण ठेवले की लोक मोजमापाची तयारी करतात. ‘लक्ष्यावर बघत राहा, मधूनमधून मॉनिटरकडे मान वळवा’ हे क्लासमध्ये शिकवता येईल. मान वळेल, आकडा वाचला जाईलच असं नाही.

---

भुईचक्र

+१. एकाच माणसाचा डेटा दोन्हीकडे येण्याची गोष्ट आमच्या क्षेत्रात रोज दिसते.

---

मैदानावरून

मी खेळाडूंना शिकवतो, थोडं वेगळ्या दिशेने लिहितो. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९६ मध्ये बास्केटबॉलच्या फ्री थ्रोवर काम केलं. चांगले खेळाडू चेंडू सोडण्याआधी रिंगच्या एका बिंदूवर नजर थोडी आधी ठरवतात आणि थोडी जास्त वेळ ठेवतात. त्याला त्यांनी ‘क्वाएट आय’ म्हटलं. पुढे त्यांच्याच सहभागाने हे सर्जनवर तपासलं गेलं, थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये आवाजाची नस शोधताना आणि सोडवताना. तिथेही तज्ज्ञांची नजर नाजूक जागी जास्त वेळ ठरत होती.

पण मला खरा रस पुढच्या गोष्टीत. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या लोकांनी लॅप्रोस्कोपीचा अनुभव नसलेल्या ३० शिकाऊ डॉक्टरांचे तीन गट केले. एका गटाला तज्ज्ञाची नजर कुठे असते ते दाखवून तसं बघायला शिकवलं, दुसऱ्याला हाताच्या हालचाली शिकवल्या, तिसऱ्याला आपलं आपण शिकू दिलं. नजर शिकवलेला गट लवकर शिकला. आणि काम करताना शेजारी दुसरं काम सोपवून लक्ष विचलित केलं तेव्हाही तोच गट टिकून राहिला. हे आमच्या मैदानावरच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतं. दडपणाखाली हातापेक्षा आधी नजर सैरभैर होते.

---

तिसऱ्या_वर्षाचा

सर्जरी रेसिडेंट आहे. नाव-गाव सांगत नाही.

सर, ओटीत आम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "तिकडे नको रे, इकडे". स्क्रीनवर सगळं पिवळं-गुलाबी असतं आणि ‘इकडे’ म्हणजे नेमकं कुठे ते कळत नाही. सरांचे दोन्ही हात हत्यारांवर, बोट दाखवता येत नाही. मग ग्रास्परच्या टोकाने दाखवतात, आणि ते टोकच जागा झाकतं. मी कॅमेरा धरलेला असला तर ‘इकडे’ शोधताना कॅमेरा फिरतो आणि पुन्हा बोलणी खातो. सरांची नजर जिथे आहे तिथे स्क्रीनवर एक ठिपका दिसला असता, तर निम्मी बोलणी वाचली असती.

असा ठिपका दाखवायचा प्रयोग इम्पीरिअलवाल्यांनीच २०१२ मध्ये केलेला मी वाचला. शिकवणाऱ्याची नजर शिकणाऱ्याच्या स्क्रीनवर दाखवली. नुसत्या तोंडी सूचनांपेक्षा काम लवकर झालं, चुकाही कमी. मला परीक्षेतला ट्रॅकर नको, हा ठिपका हवाय.

आणि एक काळजी. सलग ड्यूटी करून आलेल्या माणसाची नजर कशी असेल? जड, रेंगाळणारी. बाहुलीचं मोजमापही बिघडलेलं. ती रेकॉर्डिंग एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) टेबलावर गेली तर ‘हा मुलगा कच्चा आहे’ एवढंच वाचलं जाईल. तो छत्तीस तास झोपलेला नाही, हे ट्रॅकर लिहीत नाही.

---

जुनाजाणता

तिसऱ्या वर्षाच्या मुला, तुझं शेवटचं वाक्य प्रत्येक युनिट हेडने वाचावं. थकव्याची नोंद आमच्या काळीही कोणी घेतली नाही.

नजरेच्या ठिपक्याची कल्पना मला आवडली. शिकवताना मलाही शब्द अपुरे पडायचे. फक्त मुलाची नजर माझ्या ठिपक्यामागे बांधली जाऊ नये. काही दिवसांनी ठिपका बंद करून बघावं.

---

क्ष_किरण

नजरेवर चालणारी यंत्रं ओटीत आलेलीच आहेत. सेनहान्स नावाच्या सर्जिकल रोबोटमध्ये सर्जनच्या नजरेने कॅमेरा हलतो, अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे यंत्र चालवण्यासाठी का होईना, नजरेचा डेटा तयार होतोच आहे. पुढे तो कोणाच्या ताब्यात जाईल, कोर्टात मागितला जाईल का, हे आत्ताच ठरवून ठेवायला हवं. "अमुक मिनिटाला डॉक्टरची नजर नळीवर नव्हती" असं वकील म्हणू लागला तर मी वर लिहिलेली गोरिलाची गोष्ट तिथे कोण सांगणार?

---

वरदाची_आई

हे वाचून मला वेगळंच वाटलं. पेशंटच्या बाजूने बघितलं तर डॉक्टरांचं काही मोजलं जातंय हे चांगलंच आहे ना? आत्तापर्यंत आम्ही कोणाच्या तरी ओळखीने, कोणाच्या तरी सांगण्यावरून डॉक्टर निवडतो. सगळं शिकवण्यापुरतंच ठेवलं तर आम्हाला कधी कळणार?

---

माणदेशी_सर्जन

ताई, तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मोजलं गेलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मिशिगनचा अभ्यास मी म्हणूनच वर दिला: तिथे संपूर्ण ऑपरेशनचा दर्जा जाणकारांनी बघितला आणि तो पेशंटच्या निकालाशी ताडून पाहिला. नजरेच्या मोजमापाला अजून हा दुसरा टप्पा गाठायचा आहे. नजर अशी असलेल्या सर्जनचे पेशंट बरे होतात, तशी असलेल्याचे होत नाहीत, हे कोणी दाखवून दिलं की मी स्वतः परीक्षेत ट्रॅकर लावा म्हणेन. तोपर्यंत परीक्षेत व्हिडिओ आणा. प्रत्येक उमेदवाराने स्वतः केलेल्या दोन-तीन ऑपरेशनचे पूर्ण, न कापलेले व्हिडिओ द्यावेत आणि बाहेरच्या परीक्षकांनी नाव न बघता गुण द्यावेत. लॅप्रोस्कोपीच्या कॅमेऱ्यातून रेकॉर्डिंग सहज होतं, यासाठी नवं यंत्र लागत नाही.

नजरेचं म्हणाल तर मी विभागात एक छोटी गोष्ट करायची म्हणतोय. बॉक्स ट्रेनरच्या स्क्रीनखाली पट्टीवाला ट्रॅकर. माणूस उभा असतो, स्क्रीन एका जागी, उजेड कायम, म्हणजे भुईचक्र यांनी सांगितलेल्या निम्म्या अडचणी तिथे नाहीत. सराव झाला की मुलाने स्वतःची नजर आणि लेक्चररची नजर शेजारीशेजारी चालवून बघायची. गुण नाहीत, यादी नाही. रेकॉर्डिंग मुलाच्या ताब्यात राहील, एचओडींकडे जाणार नाही, आणि हे लेखी असेल. ड्यूटीवरून आलेल्याने त्या दिवशी सराव करायचा नाही.

@भुईचक्र, पेग ट्रान्सफरमध्ये खुंट्या हलत नाहीत, फक्त ठोकळा आणि ग्रास्परची टोकं हलतात. एवढी टोकं व्हिडिओत आपोआप ओळखता येतील का?

---

भुईचक्र

खुंट्यांचं सोपं आहे, एकदा आखल्या की झालं, फक्त ट्रेनरचा कॅमेरा पक्का बसवा. टोकांसाठी ग्रास्परच्या दोन दांड्यांना, जबड्याच्या मागे, दोन वेगळ्या रंगांच्या पट्ट्या चिकटवा. हिरवी आणि निळी चालेल, लाल नको. मग टोक शोधायचा प्रोग्राम अवघड नाही, तो मी लिहून देतो. नजर आणि व्हिडिओची वेळ मात्र जुळायला हवी, त्यासाठी प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला स्क्रीनवर एक झटक्याचा उजेड दाखवून दोन्हीत खूण करून ठेवा.

---

सरासरी

आणि प्रत्येक मुलाच्या पहिल्या फेरीची नोंद शिकवायच्या आधी घ्या सर. नंतर सुधारणा झाली म्हणायला आधीचं काहीतरी हातात हवं. जमलं तर अर्ध्या मुलांना नजर आधी दाखवा आणि अर्ध्यांना महिन्याने. कोणी वंचित राहणार नाही आणि तुलनाही होईल.

---

माणदेशी_सर्जन

उत्तम, तसंच करू. एथिक्स कमिटीचा अर्ज लिहायला घेतो. संमतीपत्रात डेटा कोणाचा आणि तो कधी पुसायचा, हा मजकूर @तिसऱ्या_वर्षाचा याने तपासून द्यावा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

तिसऱ्या_वर्षाचा

चालेल सर. रविवारी ऑफ आहे, तेव्हा बघून पाठवतो.